पुडीत काय होतं

पुड्या दिसायला अगदी सारख्या होत्या. आत चिमूटभर पांढरी भुकटी. एका डब्यावर एक नंबर, दुसऱ्या डब्यावर दुसरा. नर्स आईच्या दुधात पुडी कालवायची आणि नळीने ते दूध बाळाच्या पोटात सोडायची. एक डबा माझ्या नातवाचा, एक नातीचा. दोघांचं बारसं व्हायचं होतं, नावं नव्हती, पण नंबर मिळाले होते. याचा मला पहिल्या दिवसापासून राग होता.

मी केळीचा व्यापारी. अर्धापूरच्या बागांतला माल उचलायचा आणि ट्रक भरून उत्तरेकडे पाठवायचा. सुरुवात त्याच ट्रकांत घड भरण्यापासून केली. केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही. त्या काळातल्या माझ्या एकाही सदऱ्याचा खांदा स्वच्छ राहिला नाही. पुढे स्वतःचे सौदे करू लागलो. भाव करण्यात मला कुणी हरवलं असेल, तर त्याने ते मला कळू दिलेलं नाही. नांदेडात घर बांधलं, पोरीला शिकवलं, लातूरला चांगल्या घरी दिली. जावई तिथे शिकवणीवर्गात भौतिकशास्त्र शिकवतात. शांत माणूस. माझ्यापुढे तर जास्तच शांत.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. त्यात दोन बाळं आहेत असं कळल्यावर मी पोरीला जरा लवकरच घेऊन आलो. रस्ता खराब होता म्हणून गाडी स्वतः चालवली, बैलगाडीच्या चालीने. तरी सातव्या महिन्यातच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं. आधी मुलगा झाला, पाठोपाठ मुलगी. माझ्या तळहातावर मावतील एवढाली. दोघांनाही लगेच काचेच्या पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाळांच्या डॉक्टर मॅडम पोरीच्या खाटेजवळ आल्या. लातूरहून जावईही पोचले होते. मॅडम मला म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसा. मला बाळांच्या आई-वडिलांशी बोलायचंय."

"बाहेर कामून? पोरगी माझी हाय. आणलं मी, सगळं मीच करून राहिलो."

"हो, पण बाळं त्यांची आहेत."

मी बाहेर गेलो नाही. मॅडमनी दोनदा माझ्याकडे बघितलं आणि बोलायला लागल्या. त्यांचं म्हणणं असं की, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचं आतडं कच्चं असतं. काहींना त्यात जंतूंचा त्रास होतो आणि तो जिवावर बेततो. काही जंतू उलट चांगले असतात. ते थोडेसे दुधातून दिले तर त्रास कमी होईल का, याचा अभ्यास चालू आहे. अभ्यासात येणाऱ्या निम्म्या बाळांना जंतूंची पुडी मिळेल, निम्म्यांना नुसत्या भुकटीची. बाकी उपचार सगळ्यांना तेच. कुणाला कुठली पुडी हे नशिबावर, मशीन ठरवणार. "तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही," असंही त्यांनी सांगितलं, आणि ते दोनदा सांगितलं.

"म्हणजे दह्याचं विरजण," मी म्हणालो.

मॅडम हसल्या. "जवळजवळ तसंच."

"मंग असं करू. दोघांनाबी खरी पुडी द्या. जावईबापू आत्ता सही करतेत."

"तसं ठरवता येत नाही, आजोबा."

"बरं, दोघांना नको. एकाला तरी पक्की द्या."

तेवढ्यात खाटेवरून पोरीने विचारलं, "कुणाला, अप्पा?"

मी सौद्यात कधी गप्प बसत नाही. तिथे बसलो. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि शेवटी तिने मान वळवली. जावयांनी सही केली. माझी सही कुणी मागितली नाही. घर माझं, गाडी माझी, खर्च माझा, आणि सही जावयाची.

मला खरी अडचण होती ती मॅडमच्या एका वाक्याची. त्या म्हणाल्या होत्या, "खरी पुडी कुठल्या डब्यात आहे ते मलाही माहीत नाही." यावर माझा अजिबात विश्वास बसला नाही. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली भाव होतो. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात, बाहेर शंभर माणसं बघत असतात आणि त्यांना काही कळत नाही. पण त्या दोघांना कळतं. कळणार नसेल तर सौदा होईल कसा? मी लहानपणापासून हेच बघत आलो. म्हणून मला वाटलं, मॅडमचा हात रुमालाखाली आहे आणि माझा बाहेर आहे, इतकंच.

जावयांनी मला चहाच्या टपरीवर समजावलं. "मामा, देणाऱ्याला माहीत असलं की तो नकळत एकाकडं जास्त बघतो. म्हणून कुणालाच माहीत नसतं. तेव्हाच खरं ते कळतं."

"तुमच्या वर्गातल्या पोरांना शिकवा हे," मी म्हणालो. "मला न्हाई पटत. आपल्याच पेटीत काय भरलंय हे ज्याला माहीत न्हाई, त्याला आम्ही व्यापारी म्हणत न्हाई."

ते चहा पीत राहिले. भांडणात उलट उत्तर न देणारा माणूस मला सहन होत नाही, पण हे जावई पडले.

पोरगी दर थोड्या वेळाने दूध काढायची. सुरुवातीला वाटीचा तळही झाकत नव्हता. ते थेंबभर दूध दोघांत वाटायचं. माझी बायको मेथीचे लाडू, डिंक, हाळीव काय काय करून डब्यातून आणायची. पेट्यांच्या खोलीत एका वेळी एकालाच जाऊ द्यायचे, हात कोपरापर्यंत धुऊन. मी गेलो की आधी नातवाच्या पेटीपाशी उभा राहायचो. तो जास्त चळवळ्या होता. इवलंसं पाऊल काचेला लावायचा. नात नुसती झोपलेली असायची, मूठ गालाखाली घेऊन.

मुलाचं पोट फुगायला लागलं तेव्हा मी तिथेच होतो. नर्सने दूध थांबवलं, मॅडमना बोलावलं. पोटाचे एक्स-रे काढले, सलाइन लावलं, पुडीही बंद केली. पोट टम्म आणि चकचकीत दिसत होतं. पाऊल आता काचेला लागत नव्हतं. मॅडम त्या दिवशी घरी गेल्या नाहीत. हे मी खरं तेच सांगतो, कारण भांडण असलं तरी डोळ्यांनी बघितलेलं नाकारायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि टेबलावर हात आपटला. "आता उघडा. कुठली पुडी होती माझ्या पोराला?"

"आजोबा, बसा."

"बसायला न्हाई आलो. खरी होती का खोटी, एवढंच सांगा."

"मला माहीत नाही. उपचारासाठी गरज पडली असती तर मी तेव्हाच उघडायला लावलं असतं. पण पुडीत काहीही असतं तरी औषधं हीच दिली असती."

"तुम्हाला माहीत न्हाई, मला माहीत न्हाई, मंग माहीत कुणाला हाय? देवाला?"

"सगळ्या बाळांचा अभ्यास संपला की उघडेल. तेव्हा तुम्ही विचारलंत तर सांगू."

"माझं बाळ संपलं की आज!"

दारात शिपाई आला होता. जावयांनी मला मागून धरलं. त्यांच्या एका हातात बाळाला न्यायचे कागद होते, सही केलेले. तेव्हा मला आठवलं की बाप ते आहेत.

लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. जावई आणि मी, आणखी दोघे-तिघे नातेवाईक, गोदावरीच्या काठी गेलो. बायका येत नाहीत. जावयांनी त्याला छातीशी धरलं होतं, रिक्षाने जाताना धक्का लागला की हात डोक्यामागे घ्यायचे. खड्ड्यात मीठ घातलं. मी खड्डा आणखी खोल करा म्हणून खोदणाऱ्यावर ओरडलो. तो उतरला आणि खोदत राहिला.

परत आलो तर पोरगी वाटीत दूध काढत बसली होती. मुलीसाठी. नर्स विचारायला आली होती की, मुलीच्या पुड्या चालू ठेवायच्या का, नको असेल तर आत्ता थांबवता येतील. मी म्हणालो, "बंद करा. एकदम बंद."

पोरगी माझ्याकडे न बघता नर्सला म्हणाली, "चालू राहू द्या." जावयांनी मान डोलावली. माझं म्हणणं खोलीत तसंच पडून राहिलं.

मुलगी वाचली. हळूहळू वजन धरलं, नळी निघाली, पेटीतून बाहेर आली. घरी आणली तेव्हा बायकोने तिला जुन्या साडीच्या दुपट्यात गुंडाळलं. दुपटी दोन शिवली होती. दुसरं तिने कुठे ठेवलं ते मी विचारलं नाही. पुढे पोरगी तिला घेऊन लातूरला गेली, आणि मी माझं भांडण घेऊन नांदेडात राहिलो.

ते भांडण मी सगळ्यांना ऐकवलं. बागायतदारांना, ट्रकवाल्यांना, लग्नात शेजारी बसलेल्या माणसाला. धर्माबादचा एक धान्याचा व्यापारी मला म्हणाला, "तू लई बोलून राहिला, पण कोर्टात कामून जात न्हाई?" मी म्हणालो, "कोर्टात गेलो तर सही कुणाची दाखवू? जावयाची?" लोक हसले. मीही हसलो. पण रात्रंदिवस डोक्यात एकच. खरी कुणाला होती? पोराला खोटी दिली आणि तो गेला, असं असेल तर मी मॅडमला सोडणार नव्हतो. आणि पोराला खरी दिली आणि तो गेला, असं असेल तरी सोडणार नव्हतो. दोन्ही भांडणं माझ्याकडे तयार होती.

नात उशिरा बसली, उशिरा चालली, पण चालली. ती दोन वर्षांची व्हायला आली तेव्हा दवाखान्यातून फोन आला. संपर्कासाठी नंबर माझा होता, मीच हट्टाने लिहायला लावला होता. अभ्यासातल्या प्रत्येक मुलाची या वयात तपासणी करायची असते, म्हणाले. बोलते कसं, चालते कसं, ठोकळे एकावर एक ठेवते का. केव्हा आणाल?

मला वाटलं, आता माझा हात वर आहे. यांना माझा माल पाहिजे.

"आणतो," मी म्हणालो. "पहिले पुडीचं सांगा."

मग मॅडम स्वतः बोलल्या. "आजोबा, अजून सगळी मुलं तपासून झालेली नाहीत. त्याआधी नाही उघडता येत. म्हणजे तुम्ही मुलीला आणणार नाही, आणि मुलं आल्याशिवाय मी सांगू शकणार नाही."

"मंग थांबा."

"तुमच्या एका मुलीसाठी अभ्यास थांबणार नाही. पण तिचा रकाना रिकामा राहील. तिच्या भावाचा भरलेला आहे. तेवढाच राहील मग तुमच्या घराचा."

मी फोन ठेवून दिला. आठवड्यातून एकदा फोन यायचा आणि मी तेच उत्तर द्यायचो. लातूरला मी यातलं काही कळवलं नाही. शेवटी मला वाटलं की हे लोक थेट पोरीला गाठतील, म्हणून तिला बजावायला मी स्वतः लातूरला गेलो.

पोरगी स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. नात दारात बसून चपलांच्या जोड्या लावत होती, दोन्ही उजव्या एकत्र, दोन्ही डाव्या एकत्र. मी विषय काढला. पोरगी कढईतून नजर न काढता म्हणाली, "तपासणी झाली तिची, अप्पा. जाऊन आलो आम्ही."

"कुठं जाऊन आले?"

"नांदेडला. मागच्या आठवड्यात."

मला आधी ऐकूच आलं नाही नीट. नांदेडला येऊन माझी पोरगी माझ्या दारावरून परत गेली होती. चहाला नाही, आईला भेटायला नाही. असं आमच्या घरात कधी झालेलं नव्हतं.

"घरी आली न्हाईस?"

"तुम्ही जाऊ दिलं नसतं."

"न्हाईच दिलं असतं! ते काय होतं हे कळल्याशिवाय—"

"मला कळायचं नाहीये," ती म्हणाली. तिने गॅस बंद केला. "अप्पा, माझ्या सासूबाई अजून म्हणतात की दूध बाधलं. मी ऐकून घेते. ते ऐकूनही मला झोप लागते. पण एकीला खरी होती आणि एकाला नव्हती, असं कळलं ना, तर रोज हिला जेवू घालताना मला ते दिसणार. तुम्हाला विचारायचं असेल तर विचारा. मला सांगू नका. आईलाही नको. कुणालाच नको."

"मला कळायला पाहिजे," मी म्हणालो.

"माहीत आहे. तुम्हाला ते सोडवत नाही."

नात चप्पल घेऊन माझ्याकडे आली आणि माझ्या पायाशी ठेवून टाळ्या वाजवू लागली.

पुढच्या वर्षी मॅडमनी कळवलं की अभ्यास पूर्ण झाला आहे. जावई लातूरहून आले. आईची किंवा बापाची परवानगी लागत होती, म्हणजे पुन्हा त्यांचीच सही. मॅडमचे केस मधल्या काळात पांढरे झाले होते. त्यांनी आधी सगळ्यांचं मिळून सांगितलं. ज्या बाळांना जंतूंची पुडी दिली आणि ज्यांना नुसती भुकटी दिली, त्यांच्यात सांगण्यासारखा फरक दिसला नाही. त्रास दोन्हीकडे झाला. गेली ती बाळं दोन्हीकडे गेली. पुडीने वाचवलं असं म्हणता येत नाही, पुडीने मारलं असंही म्हणता येत नाही. "एवढी वर्षं घालवून हेच कळलं?" मी विचारलं. "हो," त्या म्हणाल्या. "हे कळलं नसतं तर आम्ही सगळ्यांना उगाच देत राहिलो असतो."

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या दोन्ही बाळांचं सांगू?"

जावई उठले. "मामा, तुम्ही ऐका. मी बाहेर हाय." मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "मला घरी जाऊन तिच्यासमोर बसायचंय. मला खोटं बोलता येत न्हाई."

ते गेले. मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं. तयार ठेवलेल्या दोन भांडणांपैकी एकाची वेळ आली होती. मी तोंड उघडलं. पण फरकच नव्हता, हे त्यांनी आत्ताच सांगितलं होतं. मग भांडू कशावर? मी म्हणालो, "पोराच्या वेळी तुम्ही घरी गेल्या नव्हत्या, ते मी बघितलंय." त्या म्हणाल्या, "हो." आणि मी बाहेर आलो.  आम्ही टपरीवर चहा घेतला, आणि ते लातूरच्या गाडीत बसले.

मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोने खोदून खोदून विचारलं, तिलाही नाही. ज्याने सगळ्या बाजारात भांडण वाटलं त्याने उत्तर गिळलं, म्हणून लोकांना नवल वाटलं. मला वाटलं, एवढं तरी आपण पोरीसाठी केलं.

काही महिन्यांनी लातूरला गेलो. नात अंगणात पाण्याच्या बादलीशी खेळत होती. मी ओट्यावर बसलो होतो. तिने प्लास्टिकचा मग भरून माझ्याकडे आणला, अर्ध्याहून जास्त वाटेत सांडलं, उरलेलं माझ्या हातात दिलं. मी ते पाणी प्यालो. ती पुन्हा बादलीकडे गेली. मी तिच्याकडे बघत होतो.

पोरगी दारात उभी होती. किती वेळ होती, माहीत नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "कळलं मला."

"काय कळलं? मी काही बोललो का?"

"न्हाई. तुम्ही काहीच बोलला न्हाईत." तिचा आवाज अगदी हळू होता. "पण तुम्ही आधी तिच्याकडं असं बघत नव्हता."

"कसं?"

"तिनं कुणाचं तरी घेतलंय असं."

मी सांगायला लागलो की फरक नाही, मॅडमनी स्वतः सांगितलंय, पुडीने काही होत नव्हतं, खरीने नाही आणि खोटीनेही नाही. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे, अप्पा. ह्यांनी सांगितलंय मला तेवढं." मग ती अंगणात उतरली, नातीचे ओले हात पदराने पुसले आणि तिला कडेवर घेऊन आत गेली. माझ्यासमोरून जाताना तिने मुलीचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवून धरलं होतं.